विशीत आहोत, गावात बायकांच्या प्रश्नावर काम करायचंय: सुरुवात एसटी स्टँडच्या मुतारीपासून करावी का?

बोरकूट (धागाकर्ती)
आम्ही पाच जणी, वयं १९ ते २२. तालुक्याचं गाव, वस्ती साठेक हजार, एक सीनियर कॉलेज, एक एसटी स्टँड, नगरपरिषद. इन्स्टावर स्त्रीवाद भरपूर झाला, आता हाताला लागेल असं काहीतरी करायचंय. आमच्यात दोन मतं आहेत. एक म्हणजे आधी एखाद्या जुन्या संघटनेत जाऊन शिकायचं. दुसरं, एकच प्रश्न धरायचा आणि त्याचा पिच्छा सोडायचा नाही. मी दुसऱ्या बाजूची. प्रश्नही ठरलाय: स्टँडवर बायकांच्या बाजूला दाराला कडी नाही, दिवा नाही, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पाच रुपये. मंडईत तर बायकांसाठी काहीच नाही.

निवेदन कोणाला द्यायचं, परवानग्या कसल्या, पैसे किती लागतात आणि हमखास कुठे फसतं? शुभेच्छा नकोत, तपशील द्या.

खवट_खोबरं
शुभेच्छा.

आवक_जावक
पहिली चूक इथेच होते, म्हणून आधी सांगतो. तुमचे दोन प्रश्न दोन वेगळ्या मालकांचे आहेत. स्टँड नगरपरिषदेचा नाही, एसटी महामंडळाचा. तिथलं निवेदन आगार व्यवस्थापकांना आणि प्रत विभाग नियंत्रकांना. मंडई नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांना, प्रत आरोग्य किंवा स्वच्छता विभागाला. एकाच कागदात दोन्ही घातलंत की दोन्हीकडून एकच उत्तर येतं, ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’. त्यात दोन महिने जातात आणि मुली परीक्षेला बसतात.

निवेदनाचं शास्त्र थोडक्यात. एक पान, त्याहून जास्त कोणी वाचत नाही. ‘प्रति’मध्ये माणसाचं नाव नको, पदनाम घाला, कारण बदली होते. मागण्या तीनच, आणि प्रत्येकीपुढे मुदत: कडी आणि दिवा ७ दिवसांत, दरफलक १५ दिवसांत, मूत्रालय वापर मोफत करण्याचा लेखी निर्णय ३० दिवसांत. ‘महिलांना सन्मान मिळावा’ ही मागणी नव्हे. तिची पूर्तता झाली की नाही हे कोणालाच तपासता येत नाही.

दोन प्रती न्या. एक त्यांची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. शिक्का सही दोन्ही हवं, नुसती सही घेऊन येऊ नका. ‘साहेब नाहीत, नंतर या’ म्हणाले तर साहेबांची गरज नाही, आवक-जावक टेबल पुरतं. तिथेही घेत नसतील तर स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. (जुनं रजिस्टर पोस्ट शोधत बसू नका, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालंय.)

टळटळीत
मुतारी हा स्त्रीवाद? मग नळ, गटार, खड्डे सगळाच स्त्रीवाद म्हणायचा. पितृसत्तेवर बोला ना काहीतरी.

गोधडी
@टळटळीत, आधी संडास-मुतारीची भांडी मोजा आणि मग बोला. नेहमीचा नकाशा असा असतो: दोन्ही बाजूंना सारखीच जागा, सारखेच चार संडास. पुरुषांच्या बाजूला त्याशिवाय भिंतीला सहा मुताऱ्या. म्हणजे दहा विरुद्ध चार. कागदावर समान बांधकाम आणि प्रत्यक्षात अडीचपट फरक. त्यात बाईला वेळ जास्त लागतो, साडी-सलवार सावरायची, पाळी, कडेवर पोर. रांग तिथे लागते ती नकाशामुळे.

आणि पाच रुपयांमागचं कारणही ऐकून ठेवा. ठेकेदार म्हणतो की पुरुष मुतारीकडे गेला की संडासाकडे हे दिसतं, बाई दारामागे काय करते ते कळत नाही, मग सरसकट संडासाचा दर लावायचा. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून जी मोहीम चालली ती नेमकी याच मुद्द्यावर होती. कोरो आणि इतर बऱ्याच संस्था त्यात होत्या. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकानं हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी निर्देश दिले. पितृसत्ता म्हणतात ती हीच, फक्त तिला फिनाइलचा वास येतो.

टळटळीत
फिनाइलचा वास येत असेल तर स्वच्छता बरी आहे म्हणायची. भांड्यांचा मुद्दा मान्य.

चिंचेचा_कोळ
मोजणीची पद्धत लिहिते. निवेदनाच्या आधी मोजणी, हा क्रम उलटा करू नका. ‘घाण असते’ ही तक्रार असते. ‘अमुक तारखेला रात्री ९ वाजता चारपैकी तीन दारांना आतून कडी नव्हती’ हा पुरावा असतो.

एका पानाचा तक्ता करा, दर ठिकाणाला एक पान. रकाने: ठिकाण, तारीख, वेळ, पुरुषांच्या मुताऱ्या, पुरुषांचे संडास, स्त्रियांचे संडास, त्यांपैकी चालू किती, कडी, दिवा, नळाला पाणी, बादली-मग, पिशवी अडकवायला खुंटी, कचऱ्याचा डबा (झाकणासह की कसा), घेतलेले पैसे, पावती दिली का, दरफलक, उघडण्या-बंद होण्याची वेळ, पायऱ्या किती, रॅम्प आहे का, आत-बाहेर कोणाची वर्दळ. खुंटी विसरू नका. खुंटी नसेल तर पर्स दातात धरावी लागते आणि हे पुरुष अभियंत्याच्या डोक्यात येत नाही.

प्रत्येक ठिकाणी तीन वेळा: सकाळी ७, दुपारी १, रात्री ९. वेगवेगळ्या तीन दिवशी, त्यातला एक आठवडी बाजाराचा. एकदाच गेलात तर ‘त्या दिवशी मोटर जळाली होती’ हे उत्तर तयार असतं. रात्री दोघीतिघींनी मिळूनच.

फोटोत माणूस येता कामा नये, अगदी पाठमोराही. दार, कडी, फलक, बल्बचा रिकामा होल्डर, एवढंच. आत कोणी नाही याची खात्री करून मगच कॅमेरा बाहेर काढा, नाहीतर प्रश्न मुतारीचा राहत नाही, तुमच्यावरच तक्रार होते.

गूगल फॉर्म सोयीचा, पण स्टँडच्या मागे रेंज नसते. कागद सोबत ठेवा.

अर्धा_चहा
निकषही जोडा. स्वच्छ भारतच्या शहरी मार्गदर्शक सूचनांमध्ये ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट आहे. मंडईत ३०० बायका धरल्या तर १२ सीट झाल्या.

आवक_जावक
@अर्धा_चहा, हे घालू नका, तिथेच पकडतील. ३५ आणि २५ हे सामुदायिक शौचालयाचे आकडे, म्हणजे घरात संडास नसलेल्या वस्तीसाठी. मंडई आणि स्टँड म्हणजे सार्वजनिक शौचालय, तिथला हिशेब येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या संख्येवर असतो आणि निकष वेगळे आहेत. निवेदनात एक आकडा चुकीचा सापडला की अभियंता बाकीच्या नऊ बरोबर आकड्यांवर बोलतच नाही. आपले मोजलेले आकडेच पुरेसे बोलके असतात.

अर्धा_चहा
मान्य. माघार. पण २५ विरुद्ध ३५ यातून एवढं तरी दिसतं की बायकांना जास्त सीट लागतात हे सरकारलाही कागदावर पटलेलं आहे.

सावळागोंधळ
पुरुषांसाठी मोर्चा कोण काढणार? आमच्यातही सगळं चकाचक नसतं.

खवट_खोबरं
@सावळागोंधळ, तक्ता वर दिलाय. पुरुषांच्या बाजूची मोजणी तुम्ही करा, त्यांना आत जाता येत नाही. खरंच सांगतोय, कामाचं आहे हे.

चिंचेचा_कोळ
+१. दोन मुलगे हवेतच त्यासाठी. फक्त निवेदन देताना ते पुढे नकोत, नाहीतर साहेब त्यांच्याकडेच बघून बोलतात.

माहितीचा_अधिकारी_नाही
आता माहिती अधिकार. २००५चा कायदा, साध्या कागदावर अर्ज, महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, हे राज्याच्या नियमांत आहे आणि त्यावर अर्ज फेटाळतात. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे वेळ लागतो, तोवर तुमची पदवी होईल. म्हणून पहिल्याच अर्जावर मेहनत घ्या.

‘का’ विचारू नका. ‘बायकांकडून पैसे का घेता?’ याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कारण मत ही माहिती नसते. कागद मागा:

स्टँडवरील प्रसाधनगृह चालवण्याच्या सध्याच्या करारनाम्याची प्रत. त्यातलं दरपत्रक. मागच्या १२ महिन्यांतले तपासणी अहवाल. तक्रारवहीच्या त्याच काळातल्या पानांच्या प्रती. ठेकेदाराला केलेल्या दंडाच्या आदेशांच्या प्रती, असल्यास.

पाच ओळींचं काम आहे. बहुतेक वेळा खरी गोष्ट करारातच सापडते. संडासाचा दर लिहिलेला असतो आणि मूत्रालय विनामूल्य असंही त्याच पानावर असतं. मग लढाई नवा नियम आणायची राहत नाही, असलेला पाळायला लावायची होते.

शब्द जपून वापरा. ‘मुतारी’ लिहिलंत तर ‘अशी नोंद उपलब्ध नाही’ येतं. कार्यालयाच्या कागदात प्रसाधनगृह, स्वच्छतागृह, शौचालय, मूत्रालय यांपैकी काहीही असू शकतं. चारही शब्द घाला.

चुकून भलत्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३)प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. तो परत घेऊन जा म्हणतील, घेऊ नका. रेल्वे स्टेशनचा प्रश्न असेल तर रेल्वे केंद्राची, स्टँप चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. तिथे पहिल्या अपिलाला फी नाही.

आणि एक, अर्जावर पत्ता लागतो, पण हॉस्टेलच्या खोलीचा देऊ नका. विश्वासातल्या प्राध्यापिकेचा किंवा वकिलाच्या ऑफिसचा, ‘द्वारा’ लिहून. ठेकेदार गावातलाच असतो. अर्जदाराचं नाव त्याच्यापर्यंत पोचायला संध्याकाळही लागत नाही.

झेडपी_निवृत्त
अर्ज न करताही कागद पाहता येतात. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं राज्य शासनाचं २०१८चं परिपत्रक आहे, जिल्हा व त्याखालच्या कार्यालयांसाठी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी. जाताना त्याची छापील प्रत न्या. टेबलावरच्या मंडळींना ते बरेचदा नव्यानंच कळतं.

निधीचं विचाराल तर नगरपरिषदेनं अंदाजपत्रकाच्या ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी ठेवायची असते. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या १० टक्के. मंडईतल्या स्वच्छतागृहाला ‘निधी नाही’ म्हणाले की मागच्या तीन वर्षांचा या लेखाशीर्षाचा खर्च मागा. शिलाई मशीन, मेळावा, भेटवस्तू, असा खर्च दिसेल. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेली तर पुढच्या अंदाजपत्रकात बसते. ८ मार्चला निवेदन देणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं.

बोरकूट
आम्ही ८ मार्चच ठरवलं होतं 🙈

खवट_खोबरं
८ मार्चला साहेब साडीवर सवलत वाटपाच्या उद्घाटनाला असतात. भेटणार नाहीत.

गोधडी
तारखांचा विषय निघालाच आहे तर. आपल्याकडे वर्षभर तारखा आहेत: ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, ८ मार्च, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हिंसाचारविरोधी पंधरवडा, आणि २५ डिसेंबर. १९२७ साली महाडला याच दिवशी मनुस्मृती जाळली, आणि दलित-बहुजन स्त्रियांच्या संघटना तो भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. तुम्ही फक्त ८ मार्च धरलात तर गावातल्या निम्म्या बायकांना ते कॉलेजवाल्यांचं वाटतं. ३ जानेवारीला मोजणीचा अहवाल जाहीर करा. अंदाजपत्रकाच्याही आधी पडतो.

रानभैरी
मुतारी चांगलीच आहे, पण तुमच्याकडं बायकांना विचारलं का आधी, का पाच जणींनीच ठरवलं? आमच्या भागात (चंद्रपूर-गडचिरोली) बायांना विचारा, पयले दारू म्हणतील. वार्डातलं परवान्याचं दुकान बंद कराचं असन तर त्याचा कायदेशीर रस्ता आहे, उभी बाटली-आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. २००८चा आदेश आहे त्याचा.

रीत अशी. वार्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन. उत्पादन शुल्क खात्याचे लोक सह्या पडताळतात. मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पायजे. मत द्यायला आलेल्यांच्या निम्मी नाही, यादीतल्या एकूण नावांच्या. इथंच गाडी फसते.

हिशेब मांडून पाहा. वार्डात १२०० महिला मतदार. सह्या ३००. मतं लागणार ६०१. समजा ७०० बाया आल्या अन् ५८० जणींनी आडवी केली. टाकलेल्या मतांच्या ८२ टक्क्यांहून जास्त, तरी दुकान चालूच. कारण घरी राहिलेली, मेलेली अन् लग्न होऊन गेलेली, सगळ्यांची नावं उभ्या बाटलीकडूनच धरली जातात. म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्या, घरोघरी जा, मयत अन् स्थलांतरित नावं कमी कराले अर्ज टाका. त्यात तीन-चार महिने गेले तरी चालन.

सह्या पडताळणीले बाई घरी पायजे अन् सही जुळली पायजे. अंगठा असन तर अंगठाच, मुलीनं आईची सही करून दिली की ती उडते.

टळटळीत
पण चंद्रपूरला पूर्ण जिल्ह्याची बंदी होती ना? २०१५ला आली आणि २०२१ला उठली. काय उपयोग झाला?

रानभैरी
ते वेगळं. ती सरकारनं लावली अन् सरकारनंच काढली. मी एका दुकानाचं सांगून राहिलो. दुकान बंद झाल्यावर अवैध विक्री सुरू होते हेही खरं, म्हणून मतदान जिंकल्यावरची समिती आधीच ठरवून ठेवा. पण दारूबंदीचा वाद इथं नको, धागा मुतारीचा आहे.

अर्धा_चहा
हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं गेलं असेल मराठीत.

झेडपी_निवृत्त
रानभैरी यांचा पहिला प्रश्न मात्र मोलाचा आहे, बायकांना विचारलं का? धागाकर्तीच्या पाच जणींपैकी ज्या खेड्यातून शिकायला आल्या असतील त्यांच्यासाठी महिला ग्रामसभा. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते. सदस्य कोण? गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक स्त्री. म्हणजे १८ पूर्ण झाल्याबरोबर मतदार नोंदणीचा नमुना ६ भरा. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची १ तारीख.

फसतं ते इथे: महिला ग्रामसभा कागदावर होते. अंगणवाडीताई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या आणते आणि ‘सर्वानुमते मंजूर’. त्यावर उपाय साधा आहे. सभेची नोटीस कधी निघते ते पाहा, विषयपत्रिकेवर आपला विषय लेखी अर्जानं आधीच घाला, आणि ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. ठरावात सूचक, अनुमोदक, रक्कम आणि मुदत असावी. ठरावाला किंमत नसते असं म्हणतात, पण मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. एका ग्रामपंचायतीचा कागद होता तो.

गोधडी
आणि मंडईत विचारताना भाजीवाल्या, मासेवाल्या, झाडूवाल्या यांना आधी विचारा. त्या बारा तास तिथे बसतात. ‘पाणीच पीत नाही’ हे उत्तर मिळेल, ते तसंच लिहा.

सफाई करणाऱ्या बाईला खलनायिका करू नका. घाण आहे म्हणून तक्रार गेली की पहिला बळी तिचा जातो, ठेकेदार तिलाच काढतो. तिला हातमोजे, पाणी, पगार वेळेवर मिळतो का, हा रकाना तक्त्यात घाला, आणि मागण्यांतली एक तिच्यासाठी ठेवा. ती कोणत्या जातीची असते हे मी इथे सांगायला नको. ते न बघता केलेला स्त्रीवाद गावात टिकत नाही.

चिंचेचा_कोळ
हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. घातला.

सह्यांच्या मोहिमेबद्दल: प्रत्येक पानावर पूर्ण मागणी छापलेली हवी, खाली २० ओळी. मागणी पहिल्याच पानावर आणि बाकी कोऱ्या रेघा असतील तर ‘कशावर सह्या घेतल्या कोणास ठाऊक’ म्हणतात. रकाने नाव, प्रभाग, सही एवढेच. मोबाइल नंबर घेऊ नका, कागद कार्यालयात फिरतो आणि मग बायकांना नको ते फोन येतात. आशाताई, अंगणवाडीताई यांना सहीचा आग्रह नको, त्यांच्या नोकरीची अडचण होते. त्या ओळखी करून देतील, तेवढं पुष्कळ. बचत गटांची मासिक बैठक असते त्या दिवशी जा, एका बैठकीत दहा-बारा जणी भेटतात.

काळा_कोट_बिनफी
परवानग्यांचं बघू. चार-पाच जणींनी जाऊन निवेदन द्यायला परवानगी लागत नाही. मोर्चा, धरणं, सभा म्हटलं की लागते. बऱ्याच जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३)खाली जमावबंदीचे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे, एकामागून एक निघत असतात. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, जबाबदार दोघींची नावं. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. पोच घ्याच.

आदल्या दिवशी पोलिसांची प्रतिबंधक नोटीस येईल. जुने कार्यकर्ते तिला ‘१४९ची नोटीस’ म्हणतात, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८खाली येते. ती आली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही, मुलींच्या घरी हे आधीच समजावून ठेवा. निम्मी आंदोलनं वडिलांच्या हातात नोटीस पडल्यावर मोडतात. आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बायकांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मुली म्हणून नाव झालं की महिनाभरात कोणीतरी मारहाणीची, छेडछाडीची गोष्ट सांगायला येईल. त्याची तयारी आधी ठेवा. तुम्ही समेट घडवायचा नाही, नवऱ्याला जाब विचारायला जायचं नाही, स्टोरी टाकायची नाही. १८१ हेल्पलाइन, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, संरक्षण अधिकारी आणि एक वकील, हे चार नंबर वहीच्या पहिल्या पानावर. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहिता कलम ७२. मुलगी १८च्या आतली असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊन बसू नका.

पाटीपेन्सिल
कॉलेजचा कोणी उल्लेखच केला नाही! यूजीसीच्या २०१५च्या नियमांनुसार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, तीन विद्यार्थी प्रतिनिधी असतात, आणि ते निवडून आलेले हवेत. बहुतेक ठिकाणी प्राचार्यच नावं लिहून मोकळे होतात. समितीची यादी फलकावर आहे का, बाहेरची सदस्य कोण आहे, वार्षिक अहवाल कधी गेला, एवढं विचारा. याला एक रुपया खर्च नाही.

एनएसएसमध्ये असाल तर वर्षाला १२० तासांचं काम दाखवायचंच असतं. मोजणी त्यात बसते. मोर्चा बसत नाही. दोन्ही वेगळ्या वहीत ठेवा.

सावळागोंधळ
खर्च किती सांगा की. मुलींनी विचारलंय आणि सगळे कायदाच शिकवतायत.

आवक_जावक
झेरॉक्स, स्टँप, स्पीड पोस्ट, शाईचं पॅड, एक कापडी बॅनर. सहा महिन्यांना दोनेक हजारांत निभावतं. बॅनर फ्लेक्सचा नको आणि त्यावर तारीख घालू नका, म्हणजे परत वापरता येतो. देणगी एकीच्या खात्यावर गोळा करू नका. रोख घ्या, वहीत लिहा, महिन्याला हिशेब ग्रुपवर टाका.

संस्था नोंदवायची घाई अजिबात नको. सात सभासद, घटना, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलला की बदल अर्ज. पाचातल्या तिघी लग्न-नोकरीनं दुसऱ्या गावी गेल्या की उरलेल्या दोघी हिशेबाच्या फायली वाहत बसतात. निवेदन द्यायला नोंदणी लागत नाही. ‘अमुक गावातील विद्यार्थिनी व महिला’ एवढं लेटरहेड चालतं.

गोधडी
धागाकर्तीचा मूळ प्रश्न राहिलाच की. संघटना आधी की प्रश्न आधी?

जुन्या बायका काय शिकवतात ते सांगते. मथुरा प्रकरणात, म्हणजे पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८चा. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं आणि १९८०च्या ८ मार्चला त्यावर मोर्चे निघाले, तेव्हा मुंबईतला बलात्कारविरोधी मंच नुकताच उभा राहत होता. म्हणजे प्रश्न आधी आला, संघटना त्याच्या भोवती जमली. पण त्याच्याही आधी, सत्तरीच्या सुरुवातीला, महागाईविरोधी लाटणं मोर्चे काढणाऱ्या बायका होत्याच, बहुतेक पक्षांत आणि युनियनमध्ये तयार झालेल्या. म्हणून एकाला एक सोडून चालत नाही. प्रश्न तुमचा ठेवा, आणि महिन्यातून एकदा जवळच्या जुन्या कार्यकर्तीकडे वही घेऊन जा. तिचा उपयोग भाषणाला नसतो, कोणता अधिकारी लेखी देतो आणि कोणता नुसता चहा पाजतो हे तिला माहीत असतं.

टळटळीत
चहा पाजणारे जास्त.

काळा_कोट_बिनफी
तोंडी आश्वासन मिळालं तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज झालेल्या चर्चेत आपण अमुक तारखेपर्यंत कड्या बसवण्याचे मान्य केले.’ त्यांनी नाकारलं नाही तर तो कागद झाला. जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे हा पत्रव्यवहार जोडून अर्ज करता येतो. अर्ज विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी.

बोरकूट
सगळं वहीत उतरवलं. ठरलं ते असं. ८ मार्च रद्द. या महिन्यात फक्त मोजणी, तीन वेळा तीन दिवस, पुरुषांच्या बाजूला वर्गातले दोघे. मंडईत आधी विचारणार, त्या दारू म्हणाल्या तर ते वेगळं लिहून ठेवणार. स्टँड आणि मंडई, दोन वेगळी निवेदनं. कराराच्या प्रतीसाठी माहिती अधिकार, पत्ता मॅडमचा, त्यांनी हो म्हटलंय. कॉलेजच्या समितीची यादी उद्याच बघतो. एक शंका: मोजणीच्या वेळी स्टँडवरच्या माणसानं ‘काय करताय’ म्हणून हटकलं तर?

आवक_जावक
पाच रुपये द्या आणि पावती मागा. त्याची सगळी चौकशी तिथेच थांबते. पावती दिली तर तक्त्याला टाचा, नाही दिली तर तसं वेळेसह लिहा.

चिंचेचा_कोळ
आणि सुट्टे पैसे न्या. तीन दिवस, तीन वेळा, दोघी, म्हणजे नव्वद रुपये. हे आवक-जावकांच्या दोन हजारांत धरलेले नाहीत.